धारेचं लुगडं

आमच्या फिजिओथेरपी विभागात हाडांचा सांगाडा उभा आहे. त्याच्या शेजारच्या खिळ्याला एक जुनं लुगडं टांगलेलं आहे. कधीकाळी ते हिरवं होतं. धुऊन धुऊन रंग उडाला, पण शेणाचा आणि पेंडीचा वास काही गेला नाही. बाहेरचे साहेब तपासणीला येणार असले की शिपाई ते काढून ठेवायला निघतो आणि मी त्याच्यावर ओरडते. मी कोल्हापूरची आहे, मला हळू बोलायला जमत नाही.

ते लुगडं तिथं आलं तेव्हा मी याच विभागात विद्यार्थिनी होते.

माझं गाव जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला. घरी थोडा ऊस, थोडा भात आणि गोठ्यात म्हशी. बारावीच्या पुढं गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच. डॉक्टरकीला मार्क कमी पडले आणि फिजिओथेरपीला नंबर लागला. हे नेमकं काय असतं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वडील पारावर बसून अभिमानानं सांगायचे, "पोरगी पाय चोळायच्या कालेजात हाय." मला असा संताप यायचा! पण याच वडिलांनी पहिल्या दिवशी माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन राजारामपुरीतल्या गल्ल्या पालथ्या घातल्या आणि खोली सापडेपर्यंत ती एकदाही खाली ठेवली नाही. त्यामुळं राग फार टिकायचा नाही.

वर्गात पुण्या-मुंबईची मुलं होती, कोल्हापुरातल्या डॉक्टरांची मुलं होती. स्वभावानं सगळी चांगलीच. पण आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलतात. पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून 'मी आलो' निघून गेलं आणि पुढचे कितीतरी दिवस मी वर्गात आले की मागून कुणीतरी "आलो, आलो" करायचं. मग मी गप्प राहायला शिकले. ज्यांनी मला लहानपणापासून पाहिलंय त्यांना हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण पहिली दोन वर्षं मी वर्गात जवळजवळ मुकी होते.

तिसऱ्या वर्षी आम्ही वॉर्डात जायला लागलो आणि तिथं मला मावशी भेटल्या.

मावशी म्हणजे कागलच्या पलीकडच्या एका गावातल्या, साठीच्या आसपासच्या बाई. गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरून त्यांचा खुबा मोडला होता. तो काढून नवा कृत्रिम खुबा बसवलेला. असा खुबा नवा असताना फार जपावा लागतो. खाली उकिडवं बसलं तर तो वाटीतून निखळू शकतो. आम्ही त्यांना हे सगळं समजावलं होतं. मांडी घालायची नाही, वाकायचं नाही, उकिडवं तर अजिबात बसायचं नाही. मावशी प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होत्या. कुठलीही शंका नाही, प्रश्न नाही. आमच्याकडं मोठ्या माणसांच्या पुढं आणि डॉक्टरांच्या पुढं व्हयच म्हणतात. तो होकार असतोच असं नाही. बऱ्याचदा 'तुम्ही बोला, मी ऐकतोय' एवढाच त्याचा अर्थ.

घरी गेल्यावर थोड्याच दिवसांत मावशी जीपमध्ये आडव्या होऊन परत आल्या. खुबा निखळला होता.

भूल देऊन तो जागेवर बसवला. दुसऱ्या दिवशी राउंडला मोठे डॉक्टर आले. आता परत निखळला तर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, आणि त्या वयात नंतर धड चालता येईल याची खात्री नाही, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. मग मावशींकडं पाहून म्हणाले, "काही उपयोग नाही. या लोकांना सांगितलेलं ऐकायचंच नसतं."

ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनीच हात लावून तो खुबा सुरेख बसवला होता. पण 'या लोकांना' म्हणाले आणि माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्या लोकांत माझी आई होती.

राउंड पुढं गेल्यावर मी मावशींच्या पलंगापाशी थांबले. विचारलं, "मावशी, धारेला बसला होता न्हवं?"

मावशींनी आधी माझ्या एप्रनकडं पाहिलं, मग तोंडाकडं. "तुला कुणी सांगिटलं?"

"सांगायला कशाला पायजे? आमच्यात बी म्हसरं हाईत."

मग बाई भडाभडा बोलायला लागल्या. मुलगा-सून पुण्याला, घरात नवरा-बायको दोघंच. म्हैस मावशींनी रेडकू असल्यापासून वाढवलेली, जन्मात दुसरा हात तिला लागलेला नाही. शेजारीण बसली, तिला लाथ. नवरा बसला, तर पान्हाच चोरला. "कास तटतटली, हंबरायला लागली रात्रंदिस. बगवंना मला. म्हटलं बसू एकडाव. बसलो, आन् उटताना कट् झालं." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. पुन्हा पडायची त्यांना भीती होती, पण म्हैस तिथं तटतटलेल्या कासेनं हंबरतेय आणि आपण इथं पलंगावर, याचं दुःख त्याहून मोठं होतं. घरी गेल्यावर त्या पुन्हा धारेला बसणार हे मला लख्ख दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं.

त्याच आठवड्यात वर्गात ही केस मांडायची पाळी माझी होती. आमच्या विभागाच्या मॅडम कोल्हापूरच्याच, पण पेठेतल्या. घरात दोन पिढ्यांपासून डॉक्टर, म्हैस त्यांनी पाहिलेली ती रंकाळ्यावर फिरायला जाताना रस्त्यात आडवी आलेली, तेवढीच. शिस्तीच्या कडक. आम्ही त्यांना टरकून असायचो.

मी केस मांडली. काय करता येईल, असं मॅडमनी विचारलं. पुण्याच्या मुलीनं सांगितलं, रुग्णाचं समुपदेशन करावं. दुसरा म्हणाला, उंच स्टूल द्यावं. तिसऱ्यानं सांगितलं, म्हैस विकून टाकावी. हे मात्र मला सोसलं नाही.

"म्हस विकायला ती काय जुनी सायकल हाय?" मी म्हणाले. इतक्या वर्षांची मुकी मी, आणि बोलले ती अशी, घरच्या बोलीत आणि घरच्या आवाजात. वर्ग हसला. पण तोंड सुटलं ते सुटलं. "आणि स्टुलावर बसून हात पोचत नाही. समुपदेशन म्हशीचं करा, बाईंचं नको. ती दुसऱ्या कुणाला धार देत नाही."

आता वर्ग खो खो हसायला लागला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली आणि म्हणाल्या, "म्हणजे?"

एवढंच विचारलं. मी पुढं अनेक मोठ्या लोकांची व्याख्यानं ऐकली, शिक्षणात सगळ्या थरांतली मुलं का यायला हवीत यावर छान छान बोलणं ऐकलं. पण मला ते खरं कळलं ते मॅडमच्या त्या 'म्हणजे'मधून. माहीत नाही हे त्यांनी वर्गासमोर कबूल केलं आणि माहिती माझ्याकडं आहे असं धरून चालल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरचं काहीतरी त्या चार भिंतींत उपयोगाचं ठरत होतं. मॅडमचे माझ्यावर जे उपकार आहेत त्यांची सुरुवात तिथून झाली.

मी सांगितलं. म्हैस वासानं आणि हातानं माणूस ओळखते, परकं माणूस बसलं की दूध वर ओढून धरते. मॅडमनी विचारलं, मग घरची बाई आजारी पडली, बाळंत झाली, तर तुमच्याकडं काय करतात?

इथं मी अडखळले. कारण आमच्याकडं काय करतात ते मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई बाळंतिणीच्या खोलीत होती तेव्हा माझे वडील, भल्या मोठ्या मिशांचे, आईचं लुगडं अंगाभोवती गुंडाळून, डोक्यावरून पदर घेऊन धारेला बसायचे. ते लुगडं गोठ्यातल्या खुंटीवरच असायचं. धारेचं लुगडं. गावात घरोघरी हे चालतं आणि कुणीही कधी त्याबद्दल बोलत नाही.

"घरातला माणूस तिचं लुगडं नेसून बसतो," मी म्हणाले.

मग जे हसणं झालं ते बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेलं असणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता 'तुझे वडील नेसतात का?' असं कोण विचारतंय याची वाट बघत मी मुठी आवळून उभी होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. हा सीमेकडच्या गावातला, जैन शेतकऱ्याचा मुलगा. आईला अव्वा म्हणणारा, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलणारा आणि म्हणूनच माझ्यासारखाच गप्प. तो म्हणाला, "मॅडम, मी नेसलोय."

कुणीतरी अजून हसत होतं, त्याच्याकडं त्यानं शांतपणे पाहिलं. "अव्वाला टायफॉईड झालतं. अकरावीला होतो. रोज तिचं लुगडं नेसून धार काढून मग कॉलेजला जायचो. देती म्हस. फसती म्हणा, न्हायतर समजून घेती म्हणा."

मी एकटीच सांगत होते तोवर तो गावठी विनोद होता. दुसरा उभा राहिला आणि ती माहिती झाली. तो मुलगा त्या वर्गात नसता तर? मी हे पुष्कळदा मनात घोळवते आणि त्याला मनोमन हात जोडते. आता तो बेळगावकडं असतो. फोनवर मी त्याला हे सांगितलं तर म्हणतो, "बास की गं, किती डाव?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशींना घरी सोडतील त्याच दिवशी संध्याकाळच्या धारेला आपण तिघं त्यांच्या घरी जाऊ."

आणि खरंच गेलो, मॅडमच्या गाडीतून. पांढऱ्या चपला घालून त्या गोठ्यात शिरल्या आणि दुसऱ्याच पावलाला शेणात. चपलांकडं न बघता त्यांनी आधी फरशी पाहिली, जिथं मावशी पडल्या होत्या. तिथं राख आणि वाळू पसरायला सांगितली. मग मावशींसाठी घरातली सगळ्यात उंच खुर्ची गोठ्याच्या दारात ठेवायला लावली. मावशी वॉकर धरून तिथवर आल्या आणि बसल्या. म्हशीनं त्यांना पाहिलं आणि अशी काही हंबरली की मॅडम दचकून माझ्या अंगावर आल्या.

राहिले मामा. मावशींच्या नवऱ्याला मामा म्हणणं नात्यात बसत नाही, पण आमच्याकडं पिकल्या केसांच्या माणसाला मामाच म्हणतात. मामा खांबाला टेकून उभे होते. लुगड्याचं नाव काढताच म्हणाले, "ते जमायचं न्हाय. पावण्यांच्यासमोर बायकूचं लुगडं नेसू? गाव त्वांडात शेण घालंल."

आमच्या सीमेकडच्या मित्रानं त्यांना खूप सांगून पाहिलं. शेवटी स्वतःच पॅन्टवर लुगडं गुंडाळून दाखवलं. मामा हसले, पण हलेनात. मॅडमनी खुबा, वाटी, गोळा सगळं हातानं करून समजावलं. मामा म्हणाले, "व्हय." तो कुठला व्हय हे मला लगेच कळलं.

तेव्हा खुर्चीतून मावशी कडाडल्या. "माझ्या खुब्यापरीस तुमची मिशी म्होटी हाय व्हय ओ?"

मामांनी बायकोकडं पाहिलं. जीपमध्ये आडव्या घातलेल्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन कोल्हापूरपर्यंत आले होते ते. त्यांनी लुगडं ओढून घेतलं. निऱ्या सुटायला लागल्या तेव्हा मॅडमनी आपल्या पर्समधली सेफ्टी पिन काढून लावून दिली. डोक्यावरून पदर घेऊन मामा चरवी घेऊन बसले. म्हशीनं मान वळवून हुंगलं. लाथ मारली नाही. पण धारही सोडली नाही.

"मुक्यानं बसला तर कशी दील?" मावशी म्हणाल्या. "बोला की तिच्यासंगं."

"म्हशीसंगं काय बोलू?"

"माझ्यासंगं कवा बोलला न्हाईसा. तिच्यासंगं तरी बोला!"

मग मावशीच बोलायला लागल्या. खुर्चीत ताठ बसून, जशा रोज धारेला बोलत असतील तशा. हुबी ऱ्हा बाय, शाणी माझी, आज पेंड बरी हाय का, कुटं गेलतो मी, आलो बग. आवाज त्यांचा, वास त्यांचा, हात मामांचा. आणि चरवीच्या बुडाला धार वाजली.

मॅडमनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मला तेव्हा घरची फार आठवण झाली, आणि वर्गात मुठी आवळून उभी होते ते आठवून हसूही आलं.

त्यानंतर मावशींना व्यायाम वेगळा सांगावा लागला नाही. सकाळ-संध्याकाळ वॉकर घेऊन गोठ्यापर्यंत चालत जायचं, उंच खुर्चीत बसायचं, म्हशीशी बोलायचं, उठून परत यायचं. मॅडमनी तेच लिहून दिलं. शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना त्यांनी सगळी हकिगत सांगितली, तेव्हा ते खूप हसले. पुढच्या राउंडला मी होते. एका म्हाताऱ्यांच्या पलंगापाशी थांबून त्यांनी विचारलं, "आजोबा, घरी गेल्यावर उठून पहिलं काम काय करता?" माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही, पण मी काय ते समजले. त्यांचेही मी आभारच मानते. त्या वयात माणूस सहसा वळत नाही.

वर्गातही फरक पडला. केस मांडताना आता घरची गोष्ट सांगायला कुणी लाजेना. एका मुलीनं सांगितलं की तिच्या आजीला गुडघ्यामुळं नमाजाला खाली बसता येत नाही म्हणून ती औषधं सोडून रडत बसते, खुर्चीवर बसून नमाज चालतो हे तिला मशिदीतल्या कुणाकडून तरी ऐकवायला हवं. आमच्या सीमेकडच्यानं सांगितलं की त्याची आजी सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नाही, मग 'रात्री जेवणानंतर'ची गोळी ती घेणार कधी? पुण्याच्या मुलीनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "पान्हा चोरते म्हणजे नक्की कसं गं?" मी तिला सुट्टीत घरी नेलं. माझ्या आईनं तिला धारेला बसवलं आणि म्हशीनं तिच्या अंगावर शेपटी झाडली. 'मी आलो' म्हणून चिडवायचं ते मात्र तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

पुढच्या वर्षी एक दिवस मावशी आल्या. आपल्या पायांनी, हातात नावाला काठी. मागं मामा, हातात खरवसाचा डबा. म्हैस व्याली होती. मॅडमनी मावशींना खुर्चीत बसवलं, पाय तपासला. खुबा पक्का होता.

"आता काय म्हणते म्हैस?" मॅडमनी विचारलं.

मामा मिशीतल्या मिशीत हसले. "आता लुगडं लागत न्हाय. माझ्याबिगार कुणाला हात लावू दीत न्हाय."

मावशींचं तोंड उतरलं. "हे बगा. माझी म्हस, आन् मलाच शिंगं दावती. परवा नुसतं कासंला हात लावाय गेलो तर..." बोलता बोलता डोळे भरून आले. मॅडम त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

मग मावशींनी पदरानं डोळे पुसले, पिशवीतून घडी घातलेलं लुगडं काढलं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवलं. "ह्ये आता आमाला लागत न्हाय. हितंच ऱ्हाऊ दे. पोरास्नी दावाय व्हईल."

आणि खुर्चीच्या हातांना न धरता त्या उठल्या. नुसत्या पायांवर. दारापर्यंत गेल्या, वळून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हस गेली बग पोरी. पर मी हाय." मग मामांच्या पुढं जिना उतरून गेल्या.

लुगडं मॅडमनी स्वतः सांगाड्याशेजारी टांगलं. आता त्या निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांच्या खोलीत मी बसते. मीही शिस्तीची कडक आहे असं मुलं म्हणतात.

दरवर्षी नवा वर्ग आला की पहिल्या दिवशी मी त्या खिळ्याकडं बोट दाखवून विचारते, "हे काय आहे?" मुलं एकमेकांकडं बघतात. कुणी नाक दाबतं, कुणी हसतं. मी थांबते. मला घाई नसते. मागच्या बाकावर, बहुतेक खिडकीशी, कुणीतरी एक असतं जे हसत नाही, नुसतं खाली बघत असतं. मी त्याच्याकडं खुर्ची वळवते आणि विचारते, "तुमच्याकडं काय म्हणतात याला?"